उसना कूलर

मे महिन्यात बोरघाट चढताना कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या पुण्या-मुंबईच्या माणसाला नव्या नाहीत. बॉनेटखालून वाफ, ड्रायव्हरच्या हातात पाण्याची बाटली, मागच्या सीटवर वैतागलेलं कुटुंब. गाडी तापली म्हणजे पाणी तापलं, असा आपला सरळ हिशेब असतो, कारण डॅशबोर्डवर जो काटा आहे तो पाण्याचा आहे. त्याच इंजिनात पाच-सहा लिटर ऑइलही फिरत असतं. क्रँकच्या बेअरिंगना आणि पिस्टनच्या पोटाला तेच भिडतं, आणि लोड घेऊन चढणाऱ्या इंजिनात ते पाण्याच्या वीस-तीस अंश पुढे गेलेलं असू शकतं. त्याचा काटा मात्र बहुतेक गाड्यांना नाही. ऑइलच्या नावाने एक तांबडा दिवा तेवढा असतो, आणि तोही प्रेशरचा. तो पेटेपर्यंत व्हायचं ते बहुधा होऊन गेलेलं असतं.

या न दिसणाऱ्या उष्णतेवर गॅरेजच्या जगात एक तोडगा फिरत असतो. मोठ्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं ऑइल गार करायला पुढच्या जाळीमागे एक छोटा रेडिएटर असतो. भंगारात निघालेल्या गाडीचा तो काढायचा आणि आपल्या गाडीच्या इंजिन ऑइलला जोडायचा. नवा, खास इंजिनासाठी बनवलेला ऑइल कूलर महाग पडतो. हा स्वस्तात मिळतो. दिसायला दोन्ही सारखेच: ॲल्युमिनियमच्या नळ्या, मध्ये नागमोडी पत्र्याची जाळी, दोन तोंडं. एकातून गरम ऑइल आत, दुसऱ्यातून गार बाहेर. मग अडचण कुठे आहे?

अडचण समजून घ्यायला पुण्यासारखं गाव नाही. खडकीत १९४६ पासून किर्लोस्करांची ऑइल इंजिनं बनतात, पिंपरीत टेल्कोचा कारखाना साठच्या दशकात उभा राहिला, आकुर्डीत बजाज आणि बजाज टेम्पो, आणि नंतर चाकणला तर जगभरच्या कंपन्या आल्या. कोथरूडच्या ज्या टेकडीवर पुणेकर पहाटे फिरायला जातात तिला ‘एआरएआयची टेकडी’ म्हणतात, ते तिच्या कुशीत असलेल्या संस्थेमुळे. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था देशातल्या वाहनांची तपासणी करते. टेस्ट बेडवर इंजिन चढवलं की पाण्याच्या बरोबरीने ऑइलचं तापमानही प्रत्येक क्षणाला नोंदलं जातं. टेकडी उतरून नाना पेठेत आलात की स्पेअर पार्टच्या दुकानांची रांगच्या रांग लागते. तिथे मात्र ऑइल हाताला चटका बसतो की नाही यावरून ओळखतात. माझ्या मते या लेखाचा सगळा विषय या दोन ठिकाणांमधल्या अंतरात आहे.

दुसऱ्या गाडीचा कूलर लावायची कला पुण्याला दुचाकींनी शिकवली. २००७ साली बजाजने पल्सर २०० आणि २२० बाजारात आणल्या तेव्हा त्यांच्या इंजिनापुढे छोटा ऑइल कूलर होता. तोवर आपल्याकडच्या रोजच्या मोटारसायकलींना हवाच पुरे मानली जायची. पुढे काही वर्षांत हा कूलर सुटा भाग म्हणून सहज मिळू लागला आणि पोरांनी तो इतर गाड्यांना बसवायला सुरुवात केली. कुणी बुलेटला, कुणी जुन्या करिझ्माला. मोटारसायकलच्या इंजिनात लिटर-दोन लिटर ऑइल, प्रेशर बेताचं, आणि मुख्य म्हणजे हा कूलर मुळातच इंजिन ऑइलसाठी घडवलेला. त्यामुळे लेथवाल्याने तोंडाचे बोल्ट नीट करून दिले की काम जमायचं. रॉयल एनफिल्डनेच २०१६ च्या हिमालयनला कंपनीतून ऑइल कूलर दिला, म्हणजे पोरांची दिशा चुकीची नव्हती. पण या यशाने एक समज पक्का झाला: कूलर तो कूलर, कुणाचाही कुणाला चालतो.

चारचाकीत आलं की हा समज अंगाशी येतो.

आधी माल कुठून येतो ते पाहू. अमेरिकेत बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक, त्यामुळे भंगारात गिअरबॉक्सच्या कूलरांचा ढीग. आपल्याकडे ‘ऑटोमॅटिक’ म्हणून विकलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच एएमटी आहेत, म्हणजे साधाच गिअरबॉक्स, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्राकडे. त्याला कूलर लागत नाही. चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयचा सात गिअरचा बॉक्स ड्राय क्लचचा. त्यालाही बाहेर कूलर नाही. कूलर लागतो टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सला, कारण त्यात इंजिनाची ताकद ऑइलमधूनच पुढे जाते आणि त्या घुसळणीत ते तापतं. म्हणजे फॉर्च्युनर, एंडेव्हर यांसारख्या दांडग्या गाड्या. शिवाय जेसीबी: दिवसभर पुढे-मागे करणाऱ्या बॅकहो लोडरलाही टॉर्क कन्व्हर्टर असतो आणि त्याचा कूलर तर चांगला दणकट असतो. ‘ऑटोमॅटिकचा कूलर द्या’ म्हणून दुकानात गेलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार आधी ‘कुठल्या ऑटोमॅटिकचा?’ असं विचारतो ते उगाच नाही.

मध्य पुण्यातल्या पेठांमधल्या एका गॅरेजात असा एक सेकंडचा कूलर धुताना मी पाहिला. मिस्त्रींनी आधी दोन्ही तोंडांचे बूच काढले आणि कूलर टबावर आडवा धरला. पातळ, तांबडं ऑइल निथळलं. गिअरबॉक्सच्या ऑइलला कंपनीच तांबडा रंग देते, गळती कुठली ते ओळखू यावं म्हणून. मग त्यांनी एका तोंडातून डिझेल ओतलं, हलवलं आणि दुसऱ्या तोंडाखाली पांढरं फडकं धरलं. फडक्यावर काळपट डाग पडला. तो उन्हात तिरका धरला तर त्यात बारीक चमचम दिसत होती.

“हे बघा,” ते म्हणाले, “काळं आहे ते क्लच प्लेटचं. चमकतंय ते धातूचं. म्हणजे ज्या गाडीचा आहे तिचा गिअरबॉक्स गेलेला होता.”

“धुऊन निघेल ना?”

“चार वेळा धुतलं तरी पाचव्या वेळेला येतंच. नळ्यांच्या आत बारीक पत्र्याच्या घड्या असतात, त्यात बसतं. आपण याच्यातून ऑइल फिरवलं की ते निघणार आणि सरळ बेअरिंगमध्ये जाणार.”

हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दलच सगळ्यांत कमी बोललं जातं. गाडी भंगारात का निघाली हे विचारायचं. अपघातात गेलेल्या गाडीचा कूलर समोरून दबलेला असू शकतो, पण आतून स्वच्छ असतो. गिअरबॉक्स जळून गेलेल्या गाडीचा कूलर बाहेरून कोरा दिसतो आणि आत चुरा घेऊन बसलेला असतो. चांगली वर्कशॉप गिअरबॉक्स बदलताना कूलरही बदलायला लावतात ते याच चुऱ्यासाठी. गिऱ्हाइकाला वाटतं बिल फुगवलं. मिस्त्रींनी तो पीस बाजूला ठेवला. बसवायचाच तर धुतलेला कूलर फिल्टरच्या आधी घ्यायचा, म्हणजे सुटलेला कचरा फिल्टर अडवेल, हा त्यांचा नियम. मला तो पटला. अर्थात फिल्टर तुंबला की त्याचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि मग काहीच अडत नाही, हेही तितकंच खरं.

आता आकड्यांकडे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल शंभर अंशांवर साधारण ६-७ सेंटिस्टोक इतकं पातळ असतं. एसएईच्या व्याख्येनुसार ४० ग्रेडचं इंजिन ऑइल त्याच तापमानाला १२.५ ते १६.३ असावं लागतं, म्हणजे दुप्पट घट्ट. सकाळी गार इंजिन सुरू करताना तर हा फरक आणखी रुंदावतो. दुसरं, नळी. गिअरबॉक्सच्या कूलरची तोंडं बहुतेक १० मिलिमीटरच्या आसपासची असतात. इंजिनाच्या मुख्य ऑइल लाइनला लावायच्या कूलरला १४ मिलिमीटर आतला व्यास हवा. चार मिलिमीटरने काय बिघडतं, असं वाटेल. पण संथ वाहणाऱ्या द्रवाला नळीत होणारा अडथळा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. १० च्या जागी १४ केलं की अडथळा जवळजवळ एक चतुर्थांशावर येतो. १४ च्या जागी १० घातली की चौपट होतो. घट्ट ऑइलची दुप्पट त्यावर. एवढा आठपट गळा आवळून आपण इंजिनाला म्हणणार, आता बेअरिंगना नीट ऑइल दे.

तिसरी गोष्ट प्रेशरची. गिअरबॉक्सच्या कूलरमधून ऑइल परतीच्या वाटेवर असतं, काम झाल्यावरचं, कमी दाबाचं. इंजिनाच्या मुख्य लाइनमध्ये गार असताना पाच-सहा बार सहज चढतात. कूलरच्या साध्या दातेरी तोंडावर रबरी होज सरकवून क्लिप आवळली, तर गिअरबॉक्सच्या परतीच्या लाइनवर ती वर्षानुवर्षं टिकेल. इंजिनाच्या मुख्य लाइनवर एखाद्या थंड सकाळी ती सुटेल. मध्यम डिझेल इंजिनाचा ऑइल पंप मिनिटाला पंचवीस-तीस लिटर ढकलतो आणि इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये असतात पाच-सहा लिटर. भागाकार करा. होज सुटल्यापासून दहा-बारा सेकंदांत चेंबर कोरडं. तांबडा दिवा पेटला, ड्रायव्हरच्या लक्षात आलं, त्याने गाडी कडेला घेतली, एवढ्यात इंजिन पकडलेलं असतं.

म्हणजे उसना कूलर भंगारातच बरा? तसं मला वाटत नाही. मुख्य लाइनवर तो घालणं हा मूर्खपणा आहे, असं मी सरळ म्हणेन. पण त्याला त्याच्या ताकदीचं काम देणारी एक जोडणी आहे, आणि ती जुन्या डिझेलवाल्या मिस्त्रींना माहीत आहे. मुख्य वाट जशी आहे तशी सोडायची. ऑइल प्रेशरच्या दिव्याचा स्विच इंजिनावर जिथे असतो तिथे टी जोडायचा, त्याच्या एका फाट्यात दोन मिलिमीटर भोकाचा जेट बसवायचा, तिथून बारीक नळीने थोडंसं ऑइल कूलरकडे न्यायचं आणि कूलरमधून निघालेलं ऑइल चेंबरला नट वेल्ड करून परत आत सोडायचं. बेअरिंगकडे जाणाऱ्या ऑइलच्या वाटेत कूलर येतच नाही. तो बाजूला बसून चेंबरमधलं ऑइल हळूहळू गार करत राहतो. त्याला मिळतं तेही परतीच्या वाटेवरचं, कमी दाबाचं ऑइल, ज्याची त्याला सवय आहे. आणि त्यात चुरा राहिला असेलच तर तो चेंबरमध्ये पडतो, तिथून पंपाच्या गाळणीतून, फिल्टरमधून जातो.

किती गार? तीन बार प्रेशरला दोन मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला सव्वातीन लिटरच्या आसपास ऑइल जाईल. कूलरने ते वीस अंशांनी उतरवलं तर सुमारे २ किलोवॅट उष्णता बाहेर गेली. आपल्या न्हाणीघरातला गिझर तेवढ्याच ताकदीचा असतो. तो उलटा चालवून इंजिनाला लावला असं समजा. घाटात धापा टाकणाऱ्या जुन्या डिझेल इंजिनासाठी हे काही थोडं नाही. आणि होज सुटलीच तर चेंबर रिकामं व्हायला दहा सेकंदांच्या जागी दीड मिनिट लागेल. तेवढ्या वेळात जळक्या ऑइलचा वास येतो, आरशात धूर दिसतो, आणि माणूस चावी बंद करू शकतो. या जोडणीचा तोटाही आहे: तापलेलं इंजिन आयडलला आलं की आधीच उतरलेलं प्रेशर या फाट्यामुळे आणखी उतरतं. झिजलेल्या बेअरिंगच्या इंजिनाला ही चैन परवडत नाही. आधी प्रेशर गेज लावून आयडलचं प्रेशर बघायचं, मगच टीला हात घालायचा.

फिल्टरखाली बसणारी सँडविच प्लेट हा दुसरा रीतसर मार्ग. तिच्यात थर्मोस्टॅट असतो, ऑइल ऐंशी-नव्वद अंशांवर गेल्याशिवाय तो कूलरची वाट उघडत नाही. चांगली वस्तू. पण तिने येणारं ऑइल मुख्य लाइनचं असतं, म्हणून तिला कूलरही इंजिनाचाच हवा आणि होज प्रेस केलेले, हायड्रॉलिकवाल्याकडून फेरुल दाबून घेतलेले. इथे आणखी एक सापळा आहे. काही फिल्टरांचे आटे २० मिलिमीटरचे, दीड मिलिमीटर पिचचे असतात. काहींचे पाऊण इंची, इंचाला सोळा. दोन्ही हाताला इतके सारखे लागतात की एकावर दुसरं दोन-तीन फेरे चढतंही. मग पाना लावून आवळलं की बसल्यासारखं वाटतं, आणि महिन्याभराने फिल्टरखाली ऑइल टपकायला लागतं.

थर्मोस्टॅटचा विषय निघालाच आहे तर पुण्याच्या हवेबद्दल बोलायला हवं. एप्रिल-मेमध्ये चाळिशी गाठणारं हे गाव डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांवर येतं. ज्या गाड्या कोथरूडहून लक्ष्मी रोडला जातात आणि परततात, त्यांचं ऑइल मुळात नीट तापतच नाही. ते शंभरीच्या आसपास गेलं पाहिजे, कारण जळणातून तयार झालेलं पाणी थोडंफार ऑइलमध्ये उतरतं आणि ते वाफ होऊन निघून जायला उष्णता लागते. तापलं नाही तर ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पिवळट थर जमतो. अशा गाडीला थर्मोस्टॅटशिवाय जास्तीचा कूलर लावणं म्हणजे आजार नसताना औषध. दुसऱ्या टोकाला, ऑइल सव्वाशेच्या पुढे सतत राहिलं तर ते वेगाने खराब होतं. दर दहा अंशांना सडण्याचा वेग दुप्पट, असा ढोबळ नियम आहे. दोन्हींच्या मधली पट्टी पुरेशी रुंद आहे आणि धडधाकट गाडी पुण्यात वर्षभर तिच्यातच राहते.

जागेचाही प्रश्न असतो. पुढच्या जाळीमागे आधी एसीचा कंडेन्सर, त्यामागे रेडिएटर. उसना कूलर बहुतेक जण सर्वांच्या पुढे टांगतात, कारण तिथे हात पोचतो. मग ऑइलने सोडलेली उष्णता हवेबरोबर थेट रेडिएटरच्या तोंडावर जाते. घाटात गाडी पंचवीसच्या वेगाने चढत असताना समोरून वारा नसतोच. असते ती फक्त पंख्याने ओढलेली हवा. ऑइल पाच अंश उतरतं, पाणी तीन अंश चढतं, आणि मालक म्हणतो, कूलर लावल्यापासून गाडी जास्तच तापते.

बाजारही बदलतोय. जड भंगारासाठी शहराच्या उत्तरेला लोक कुदळवाडी-चिखलीकडे जायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने तिथली हजारो बेकायदा बांधकामं पाडली आणि भंगाराची मोठी गोदामं विखुरली. माल संपलेला नाही, पण ‘ही कुठल्या गाडीची, का कटिंगला गेली’ हे सांगू शकणारा माणूस आणि माल आता एका जागी सापडत नाहीत. सेकंडच्या कूलरच्या बाबतीत तर त्या माणसाची साक्ष मालापेक्षा मोलाची.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलांशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. ऑइल कूलर आरसी बुकात नसतो, त्यामुळे पोलीस सहसा या वाटेला जाणार नाहीत. वॉरंटीतल्या गाडीचा मालक मात्र सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हा वाद हरतो, आणि ते रास्तच आहे.

त्या गॅरेजात मी गेलो तेव्हा एक जुनी डिझेल एसयूव्ही कूलर बसवून घ्यायला आली होती. मालक महाबळेश्वरला नेहमी जाणारे. खंबाटकी आणि पसरणीचा घाट चढताना गाडी तापते, अशी तक्रार. इंटरनेटवर वाचून त्यांनी स्वतःच कूलर आणला होता, जेसीबीचा, चांगला रुंद. मिस्त्री म्हणाले, “लावतो साहेब, पण आधी एक करू.” त्यांनी ऑइल काढायच्या नटाला भोक पाडून त्यात तापमानाचा सेन्सर बसवला, वायर आत आणून डॅशबोर्डवर छोटा मीटर चिकटवला आणि सांगितलं, “एक फेरी मारून या, आकडे लिहून आणा.”

मालक नाराज झाले, पण गेले. परत आले ते चिठ्ठी घेऊन. सपाटीला ऑइल ९८, खंबाटकीत ११२, पसरणीच्या वरच्या वळणांवर ११९. पाण्याचा काटा मात्र लाल रेघेला टेकलेला. मिस्त्रींनी गाडी चालू करून तापू दिली, बंद केली आणि लगेच पंख्याचं पातं बोटाने फिरवलं. ते गरगर फिरत राहिलं. तापलेल्या इंजिनावर पंख्याच्या हबमधल्या सिलिकॉनच्या क्लचने पातं जखडून धरायला हवं. हा क्लच पार सुटला होता. घाटात पंखा नुसता नावाला फिरत होता, हवा ओढत नव्हता. ऑइल अजून मर्यादेत होतं. तापत होतं ते पाणी, आणि त्यावर ऑइल कूलर लावून रेडिएटरची आणखी हवा अडवायचा बेत होता.

पंख्याचा क्लच बदलला. पुढच्या फेरीत पसरणीला ऑइल १०९ आणि पाण्याचा काटा मध्यावर. एवढ्यावर मिटावं की नाही? मालकांनी मीटरचे आणि क्लचचे पैसे दिले आणि मग विचारलं, “आता आणलाच आहे तर कूलर पण लावून टाकायचा का?”

“टीवरून लावतो,” मिस्त्री म्हणाले. “मुख्य लाइनवर लावायचा असेल तर दुसरं गॅरेज बघा.”

टीवरूनच लावला. जेट दोनच्या जागी दीड मिलिमीटरचा घातला, कारण आयडलचं प्रेशर दोन बारच्या खाली येत होतं. मालकांना हे सांगितलं नाही; मला सांगितलं.